विरजणाला जीव लावणारा शास्त्रज्ञ

मैत्रिणींनो, दुधाला विरजण लावायला आपण शाळेत शिकलो नाही. आईचं, सासूबाईंचं बघून हात बसला. पण याच चमचाभर विरजणाच्या मागे एका नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने उतारवय घालवलं, हे वाचून मला नवल वाटलं. त्यांचं नाव इल्या मेचनिकॉव्ह.

१८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या खार्किवजवळ त्यांचा जन्म झाला. बुद्धी तल्लख, मन मात्र हळवं. १८६९ मध्ये ल्युडमिलाशी लग्न झालं तेव्हा ती क्षयाने इतकी खंगलेली, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. त्यांनी तिची खूप सेवा केली, पण १८७३ मध्ये ती गेली. त्या दुःखात मेचनिकॉव्ह यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला; सुदैवाने वाचले. १८७५ मध्ये ओल्गाशी संसार मांडला. तीही विषमज्वराने अंथरुणाला खिळली, पण बरी झाली.

पुढे त्यांना सावरलं ते कामाने. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा! शरीरातल्या काही पेशी जंतूंना गिळून आपलं रक्षण करतात, हे त्यांनी जगाला दाखवलं. १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर मिळालं.

उतारवयात त्यांना म्हातारपणाचं कोडं पडलं. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्याच्या विषाने माणूस लवकर थकतो, असं त्यांचं मत. दही खाणारे बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव या तरुण बल्गेरियन डॉक्टरने तिथल्या दह्यातला जंतू शोधला होता. मेचनिकॉव्ह रोज आंबवलेलं दूध पिऊ लागले. कच्च्या दुधात रोगजंतू असतात, म्हणून दूध उकळून त्यात शुद्ध विरजण घालावं, हा त्यांचा आग्रह.

१९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. शंभरी काही गाठली नाही! आज कळतं, की दह्याचे ते जंतू आतड्यात कायमचे मुक्काम करत नाहीत आणि दह्याने आयुष्य वाढतं असंही सिद्ध झालेलं नाही. पण आतड्यातल्या जंतूंचा तब्येतीशी संबंध असतो, ही त्यांची दिशा खरी ठरली. ज्यांना दूध पचत नाही, त्यांना दही सोसतं, कारण दह्यातले जंतू दुधातली साखर पचवायला मदत करतात.

बचत गटाच्या बैठकीत बायका मला विचारतात, जाहिरातीतल्या महागड्या बाटल्या मुलांसाठी घ्याव्यात का? मी म्हणते, पैसे मोजण्याआधी घरचं विरजण नीट सांभाळा. दूध उकळून बोट सोसेल इतकं कोमट होऊ द्या. अर्ध्या लिटरला एक चमचा ताजं, गोड दही पुरे. भांडं स्वच्छ हवं. थंडीत भांडं फडक्यात गुंडाळून ठेवा. दही लागल्यावर न हलवता थंड जागी ठेवा, म्हणजे आंबट होणार नाही. पाणी घालून घुसळलं, की ताक तयार. आणि उद्यासाठी चमचाभर दही आधी बाजूला काढायला विसरू नका!