पॉल साबातिए : निकेल, हायड्रोजन आणि डालडा

डालड्याचा डबा ज्या प्रक्रियेतून घरोघरी आला, तिचे मूळ फ्रान्समधील तुलूझच्या एका प्रयोगशाळेत आहे. पॉल साबातिए यांचा जन्म १८५४ मधला, कारकासोनचा. पॅरिसमध्ये बेर्तलो यांच्या हाताखाली १८८० मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि लवकरच ते तुलूझला गेले ते कायमचे. पुढे पॅरिसहून बोलावणे आले, तरी हलले नाहीत.

ॲसिटिलीन वायू निकेलवरून सोडण्याचा प्रयोग म्वासां आणि मूरू यांनी आधीच केला होता. धातू तापून लाल झाला, काजळी साचली. बाहेर पडणारा वायू हायड्रोजन आहे, असे त्यांनी मानले. १८९७ मध्ये साबातिए आणि त्यांचे सहकारी सांदरान्स (हे धर्मगुरूही होते) यांनी एथिलीन घेतले आणि बाहेर पडणारा वायू नीट तपासला. त्यात मुख्यतः ईथेन निघाले. म्हणजे निकेलवर एथिलीनला हायड्रोजन जोडला गेला होता! १९०१ मध्ये त्यांनी बेन्झीनलाही असाच हायड्रोजन जोडून दाखवला.

हे घडते कसे? धातूच्या छिद्रांत वायू नुसता दाटत असावा, असे अनेकांना वाटे. साबातिए म्हणत, पृष्ठभागावर क्षणभर टिकणारे संयुग बनते. तेव्हा रेणूंमधील बंधांचा इलेक्ट्रॉनांशी संबंधही उलगडला नव्हता. आज कळते, की एथिलीनच्या दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन निकेलकडे झुकतात, निकेलचे काही इलेक्ट्रॉन रेणूकडे येतात आणि तो बंध सैल होतो. हायड्रोजनचा रेणूही धातूवर दुभंगतो. त्याचे अणू एकेक करून जोडले जातात. ईथेनला धातूला धरून ठेवण्याजोगे इलेक्ट्रॉन उरत नाहीत, म्हणून ते सुटून जाते आणि जागा रिकामी होते.

तेलाच्या बाबतीत मात्र एक खोट राहते. एकच अणू जोडलेला रेणू कधी गिरकी घेतो आणि एक हायड्रोजन अणू सोडून उलट्या रचनेत धातूवरून निघून जातो. हाच ट्रान्स मेद, हृदयविकाराचा धोका वाढवणारा. तेल घट्ट करण्याची पद्धत जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये काढली. साबातिए यांचा त्या धंद्याशी संबंध नव्हता.

१९१२ चे नोबेल साबातिए आणि ग्रिन्यार यांना विभागून मिळाले. सांदरान्स यांचे नाव त्यात नव्हते, ही गोष्ट खटकतेच. साबातिए १९४१ मध्ये तुलूझलाच वारले. भारतात तेल-तुपातील ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आली, ती २०२२ मध्ये.