आर्ची कॉक्रन : निरोगी माणसाला तपासण्यापूर्वी पुरावा मागणारे डॉक्टर

कॉक्रन हे नाव आज जगभरातील डॉक्टरांना परिचित आहे ते एका संस्थेमुळे आणि तिच्या ग्रंथालयामुळे. एखादे औषध, शस्त्रक्रिया किंवा चाचणी खरोखर उपयोगी पडते का, हे पाहण्यासाठी त्या विषयावरील सर्व प्रयोग एकत्र करून तपासण्याचे काम ही संस्था करते. ज्यांचे नाव तिला देण्यात आले, ते डॉ. आर्चिबाल्ड लेमन कॉक्रन मात्र संस्था स्थापन होण्यापूर्वीच, १९८८ मध्ये, निवर्तले होते. आजार नसलेल्या माणसाला डॉक्टरांनी आपणहून तपासणीस बोलवावे का, आणि बोलवायचे तर कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. चाळिशी ओलांडताच संपूर्ण शरीराच्या तपासणीच्या जाहिराती ज्यांच्या दृष्टीस पडू लागतात, अशा प्रत्येकाशी त्या प्रश्नाचा संबंध आहे.

कॉक्रन यांचा जन्म १२ जानेवारी १९०९ रोजी स्कॉटलंडमधील गॅलाशील्स या गावी झाला. घराण्याचा लोकरी कापडाचा व्यवसाय होता व घरची स्थिती संपन्न होती. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, गाझा येथील लढाईत वडील मारले गेले, तेव्हा आर्ची आठ वर्षांचे होते. पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधून त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी प्रथम श्रेणीत मिळवली. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी बर्लिन, व्हिएन्ना आणि लायडन येथे मनोविश्लेषणासाठी घालवली. त्या पद्धतीने त्यांचे समाधान झाले नाही, कारण तिच्या सिद्धान्तांना पुराव्याचा आधार त्यांना आढळला नाही. मात्र या वास्तव्यात त्यांना जर्मन भाषा उत्तम अवगत झाली, आणि पुढे तीच अनपेक्षित रीतीने उपयोगी पडली.

१९३४ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये वैद्यकाचे विद्यार्थी झाले. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर शिक्षण अर्धवट सोडून ते प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णसेवा पथकात दाखल झाले आणि सुमारे वर्षभराने परतले. त्याच दशकात लंडनमध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा असावी या मागणीकरिता मोर्चा निघाला होता. कॉक्रन त्यात स्वतः तयार केलेला फलक घेऊन सामील झाले. परिणामकारक असलेला प्रत्येक उपचार विनामूल्य मिळाला पाहिजे, असा त्या फलकाचा आशय होता. इतरांचे लक्ष विनामूल्य या शब्दाकडे असावे. कॉक्रन यांचा भर परिणामकारक या शब्दावर होता.

१९३८ मध्ये ते डॉक्टर झाले आणि लगेचच महायुद्ध आले. सैन्याच्या वैद्यकीय दलात कॅप्टन असताना १९४१ मध्ये क्रीट बेटावर ते जर्मनांच्या हाती सापडले. पुढील चार वर्षे त्यांनी युद्धकैदी म्हणून काढली, पण कैद्यांचे डॉक्टर म्हणून. ग्रीसमधील सालोनिका येथील छावणीत बराच काळ ते एकटेच डॉक्टर होते. कैद्यांची संख्या सुमारे २० हजार होती. दिवसाला जेमतेम ६०० कॅलरी मिळतील इतकेच अन्न, सर्वांना अतिसार, त्यातच विषमज्वर, घटसर्प आणि कावीळ. औषधे जवळजवळ नव्हतीच. घटसर्पानेच शेकडो माणसे दगावतील असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात मृत्यू झाले चार, आणि त्यांतील तीन पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी. आपल्या उपचारांचे महत्त्व किती थोडे असते आणि मानवी शरीराची स्वतःहून बरे होण्याची शक्ती किती मोठी असते, याचा धडा त्यांनी तेथे घेतला.

याच छावणीत त्यांनी आपला पहिला प्रयोग केला. कैद्यांचे पाय गुडघ्याच्या वरपर्यंत सुजू लागले होते. स्वतः कॉक्रन यांचेही पाय सुजले होते. स्कर्व्हीवर लिंबू गुणकारी आहे हे अठराव्या शतकात दाखवून देणाऱ्या जेम्स लिंड या नौदलातील शल्यवैद्याची त्यांना आठवण झाली. त्यांनी वीस रुग्ण निवडले आणि दहा-दहांना दोन खोल्यांत ठेवले. एका गटास क जीवनसत्त्व, दुसऱ्या गटास काळ्या बाजारातून मिळवलेले यीस्ट. चौथ्या दिवशी यीस्ट घेणाऱ्यांच्या खोलीत फरक स्पष्ट दिसू लागला. कॉक्रन यांनी आकडे व्यवस्थित मांडले आणि जर्मन अधिकाऱ्यांपुढे त्यांच्याच भाषेत ठेवले. अधिकाऱ्यांनी चक्क यीस्ट पुरवले. शास्त्रीय दृष्टीने हा प्रयोग अगदी तोकडा होता. इतके थोडे रुग्ण, इतका थोडा काळ, शिवाय सूज कशाने आली याचे त्यांचे अनुमानही बहुधा चुकीचेच होते. ही टीका दुसऱ्या कोणी करण्यापूर्वी त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे.

जर्मनीतील एल्स्टरहोर्स्ट येथील छावणीतला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात वेगळा उठून दिसतो. रात्री एक मरणासन्न सोव्हिएत कैदी आणला गेला. तो सतत किंचाळत होता. छातीच्या आवरणास सूज आल्याने त्याला असह्य वेदना होत असाव्यात असे कॉक्रन यांना वाटले. वेदनाशामक काहीच नव्हते आणि त्याची भाषाही येत नव्हती. अखेर ते त्याच्या खाटेवर बसले व त्याला कवेत घेतले. किंचाळणे तत्काळ थांबले. काही तासांनी तो शांतपणे गेला. त्याचा आक्रोश वेदनेचा नव्हता, एकटेपणाचा होता. आपले निदान चुकले, याची त्यांना लाज वाटली आणि बराच काळ त्यांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. आकडेवारीचा आग्रह धरणारा माणूस कोरडाच असणार, असा समज असणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

युद्धानंतर लंडनमध्ये त्यांना ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याकडून संख्याशास्त्राचे शिक्षण मिळाले. रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून उपचारांची तुलना करण्याची पद्धत वैद्यकात रुजवण्याचे श्रेय हिल यांना जाते. कॉक्रन यांना छावणीत सतत पडत असलेल्या प्रश्नांचे उत्तरच जणू सापडले. त्यानंतर अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे क्षयरोगाच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास करताना आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. एकच चित्र दोन तज्ज्ञ वेगवेगळे वाचतात. इतकेच नव्हे, तर तोच तज्ज्ञ काही दिवसांनी तेच चित्र वेगळे वाचतो.

१९४८ मध्ये ते वेल्समधील कार्डिफजवळच्या संशोधन केंद्रात रुजू झाले. कोळशाच्या धुळीने खाणकामगारांच्या फुप्फुसांना होणारा विकार हा तेथील विषय होता. र्‍होंडा फाख हे दरीतले अरुंद खोरे, एकाला एक लागून असलेल्या कामगारांच्या घरांच्या रांगा आणि खोकणारी माणसे. क्ष-किरण चित्रावरील डागावर कामगाराची नुकसानभरपाई आणि कधी कधी त्याची नोकरीही अवलंबून असे. खाणीच्या धुळीत क्षयाची भर पडून विकार बळावतो काय, हे पाहण्यासाठी दोन खोऱ्यांची तुलना करण्याचे ठरले. एका खोऱ्यात घरोघरी शोध घेऊन क्षयाचे रुग्ण निवडून काढायचे, दुसऱ्यात नाही. त्याच सुमारास क्षयावर प्रभावी औषधे आली आणि मूळ प्रश्नाचे अपेक्षित उत्तर मिळाले नाही. पण एवढ्या मोठ्या वस्तीतील जवळजवळ प्रत्येक माणसाची नोंद ठेवता येते, हे मात्र सिद्ध झाले. राहिलेल्या शेवटच्या काही माणसांचा शोध घेण्यासाठी कॉक्रन स्वतः दारोदार जात. त्याच समुदायाचा मागोवा पुढे वीस आणि तीस वर्षांनंतरही घेण्यात आला.

१९५६ मध्ये त्यांच्या काखेतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. काखेत सर्वत्र कर्करोग पसरला आहे असे शल्यविशारदांनी त्यांना सांगितले आणि स्नायूंसह बराच भाग काढून टाकला. कॉक्रन मरणाच्या तयारीला लागले. नंतर ऊतींच्या तपासणीचा अहवाल आला. त्यात कर्करोगाचा मागमूस नव्हता. चुकीच्या निदानाची किंमत काय असते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज उरली नाही.

१९६० पासून ते कार्डिफमधील साथरोगशास्त्र केंद्राचे संचालक होते. या केंद्राने स्क्रीनिंगच्या, म्हणजे लक्षणे नसलेल्या लोकांच्या सामूहिक तपासणीच्या, कल्पनेला एकामागून एक धक्के दिले. काचबिंदूचेच उदाहरण घ्या. डोळ्यातील दाब मोजला की काचबिंदू वेळीच सापडेल, असे मानले जात होते. फर्नडेल या खाणीच्या गावी फ्रेड हॉलोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना तपासले, तेव्हा दाब जास्त असलेल्या बहुसंख्य लोकांची दृष्टी शाबूत होती, तर काचबिंदू झालेल्या अनेकांचा दाब सर्वसाधारण होता. हेच हॉलोज पुढे ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या नेत्रोपचारामुळे विख्यात झाले.

कॉक्रन यांचा मुख्य युक्तिवाद १९७१ मध्ये वॉल्टर हॉलंड यांच्यासह लिहिलेल्या लेखात आहे. दुखणे घेऊन आलेल्या रुग्णावर डॉक्टर आपल्या ज्ञानानुसार शक्य ते उपचार करतो. वैद्यकशास्त्रच अपुरे असेल तर तो दोष त्याचा नाही. पण डॉक्टरच जेव्हा निरोगी माणसाला बोलावतो, तेव्हा करार बदलतो. या तपासणीने रोगाची वाटचाल बदलेल, याचा पक्का पुरावा त्याच्या हाती असला पाहिजे. हा भेद आज साधा वाटतो. परंतु त्या काळी, आणि खरे तर आजही, लवकर सापडलेला रोग म्हणजे वाचलेला जीव हे समीकरण फार थोड्यांना तपासून पाहावेसे वाटते.

हे समीकरण हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण-पूर्व लंडनमधील दोन मोठ्या फॅमिली डॉक्टर केंद्रांत तपासले. चाळीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे सात हजार लोकांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाची अनेक प्रकारची तपासणी झाली, दुसऱ्याची नाही. १९७७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंमध्ये, रुग्णालयात दाखल होण्यामध्ये वा आजारपणाच्या रजांमध्ये लक्षणीय फरक नव्हता.

मात्र याचा अर्थ कॉक्रन प्रत्येक तपासणीच्या विरोधात होते, असा नाही. त्यांच्या केंद्रात काही काळ काम केलेले ज्युलियन ट्युडर हार्ट हे ग्लिनकोरुग या खेड्यात फॅमिली डॉक्टर होते. त्यांनी आपल्याकडे नोंदलेल्या सर्व प्रौढांचा रक्तदाब मोजण्याचा उपक्रम १९६८ मध्ये सुरू केला. त्यासाठी वेगळे शिबिर भरवले नाही. खोकल्यासाठी आलेल्या माणसाचाच दाब मोजायचा आणि तो वाढलेला आढळला तर वर्षानुवर्षे त्याची काळजी घ्यायची. उच्च रक्तदाबावरील उपचारांचा लाभ प्रयोगांनी दाखवून दिलेला होता, हा यातील मुख्य मुद्दा.

१९७२ मध्ये परिणामकारकता आणि कार्यक्षमता या विषयावरील कॉक्रन यांचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते एकदम प्रकाशझोतात आले. त्यात त्यांनी स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी केल्या जाणाऱ्या स्मिअर तपासणीवर शंका घेतली. ही तपासणी सुरू करण्यापूर्वी तुलनात्मक प्रयोग करायला हवा होता, आता तो करणे अशक्य झाले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. यासाठी त्यांच्यावर कडाडून टीका झाली. नंतरच्या घटना पाहता येथे ते पूर्णपणे बरोबर ठरले नाहीत, असे म्हणावे लागेल. ब्रिटनमध्ये १९८८ पासून स्त्रियांना पद्धतशीरपणे बोलावून तपासणी सुरू झाल्यावर या कर्करोगाचे प्रमाण घटले. विस्कळीत तपासणीबद्दलची त्यांची शंका रास्त होती. सुसंघटित तपासणीची ताकद त्यांनी कमी लेखली.

सहकाऱ्यांची फिरकी घेण्यात त्यांना आनंद वाटे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णालयातील अतिदक्षता विभागात ठेवावे की घरी फॅमिली डॉक्टरच्या देखरेखीखाली, याविषयी इंग्लंडमध्ये एक चाचणी चालू होती. सुरुवातीच्या आकड्यांत मृत्यू रुग्णालयात किंचित अधिक होते, पण फरक नगण्य होता. कॉक्रन यांनी समितीपुढे आकडे मुद्दाम उलटे करून ठेवले. हृदयरोगतज्ज्ञ संतापले, घरी उपचार करणे अनैतिक आहे, चाचणी ताबडतोब थांबवा, असे म्हणू लागले. तेव्हा कॉक्रन यांनी खरे आकडे पुढे केले आणि आता अतिदक्षता विभाग बंद करायचे का, असे विचारले. सभेत शांतता पसरली.

त्यांच्या बहिणीला पॉर्फिरिया हा दुर्मीळ आनुवंशिक विकार असल्याचे निदान झाले, तेव्हा त्यांनी साऱ्या विस्तारित घराण्याचीच पाहणी हाती घेतली आणि दूरदूरच्या नातेवाइकांकडून मलमूत्राचे नमुने गोळा केले. तो विकार त्यांना स्वतःलाही होता. ते अविवाहित राहिले. ऱ्हूस येथील घर, बाग आणि चित्रसंग्रह यांत त्यांचे मन रमे. १८ जून १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये इयन चामर्स यांनी ऑक्सफर्ड येथे त्यांच्या नावाचे केंद्र सुरू केले आणि पुढील वर्षी त्यातून आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. निरोगी प्रौढांच्या सर्वसाधारण आरोग्यतपासणीविषयी या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा २०१९ मध्ये अद्ययावत झाला. १७ चाचण्या आणि सुमारे अडीच लाख लोकांच्या माहितीवरून अशा तपासण्यांनी मृत्यू कमी होत नाहीत, असा निष्कर्ष त्यात निघाला.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कॉक्रन यांना हवी होती तशी तुलनात्मक चाचणी मात्र ब्रिटनमध्ये नव्हे, तर महाराष्ट्रातील तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात झाली. ५२ ग्रामसमूहांतील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया तीत सहभागी होत्या. २००९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या विषाणूची आयुष्यात एकदा केलेली चाचणी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटवते, असे दिसून आले. स्मिअर तपासणीच्या गटात मात्र मृत्यूंमध्ये तशी लक्षणीय घट आढळली नाही. तुलनेसाठीच्या गटातील स्त्रियांना माहिती देण्यात आली होती, पण तपासणीस बोलावण्यात आले नव्हते. ते योग्य होते का, यावर पुढे बरीच चर्चा झाली.