नगरच्या फरारबाई

सावित्रीबाई फुले आपल्याला घरच्यासारख्या. पण त्यांच्याही आधी नगरला मुलींना शिकवणाऱ्या सिंथिया फरार यांचं नाव किती जणींनी ऐकलंय?

त्या अमेरिकेतल्या, न्यू हॅम्पशायरच्या. जन्म १७९५ चा. लग्न न करता मिशनच्या कामाला वाहून घेतलं. जून १८२७ मध्ये बोस्टनहून जहाजात बसल्या, त्या डिसेंबरअखेरीस मुंबईत उतरल्या. मराठी शिकल्या, मुलींच्या शाळांचं काम हाती घेतलं. मुलगी शिकली तर विधवा होते, असं मानणारा तो काळ. त्यात मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, त्यामुळे लोक आणखीनच बिचकत. मध्यंतरी प्रकृतीमुळे बाई मायदेशी गेल्या, पण १८३९ मध्ये परत आल्या, त्या अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर).

त्यांची तिथली शाळा जोतीरावांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई फरारबाईंकडेच शिकवायला शिकल्या, असं चरित्रकार सांगतात. १८६२ मध्ये बाई नगरलाच वारल्या.

मैत्रिणींनो, चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या कामगार वस्त्यांमध्ये मी फिरते. आई सकाळच्या शिफ्टला गेली की धाकट्याला सांभाळायला आठवीतली मुलगी घरी राहते, मग हळूहळू शाळाच सुटते. अशा घरी एकदा जाऊन भागत नाही, चार-चारदा जावं लागतं. कंटाळा येतो, नाही असं नाही. पण फरारबाईंना तर इथली भाषाही नव्याने शिकावी लागली. मला तेवढीसुद्धा सबब नाही.