अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिला कॅमेरा : ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन



१९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो. त्या दिवशीच्या परिपाठात कॅमेऱ्याचा शोध कोणी लावला एवढं सांगून आपण मोकळे होतो. या वेळी मुलांना एका बाईंची गोष्ट सांगून बघा. आणि मुलांना सांगण्याआधी तुम्ही स्वतः वाचा. पालकसभेला येणाऱ्या कितीतरी आया सहज म्हणून जातात की आता आमचं शिकायचं वय राहिलं नाही. या बाईंनी पहिला कॅमेरा हातात घेतला तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या.

ज्युलिया मार्गारेट यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी कोलकात्यात झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी, आई फ्रेंच घराण्यातली. शिक्षण फ्रान्समध्ये झालं. १८३८ मध्ये कोलकात्यातच चार्ल्स हे कॅमेरॉन यांच्याशी लग्न झालं. हे गृहस्थ त्यांच्यापेक्षा २० वर्षांनी मोठे. भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉले यांनी केला हे आपण शिकवतो, त्या कामात हे कॅमेरॉन साहेबही होते. (आडनाव कॅमेरॉन आणि हातात कॅमेरा, याची मुलांना फार गंमत वाटते. पण तो निव्वळ योगायोग.)

१८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढची पंधरा वर्षं बाईंची घरातच गेली. स्वतःची सहा मुलं, शिवाय नातेवाइकांची पोरकी मुलं. १८६० मध्ये त्या आयल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटर गावी राहायला आल्या. प्रसिद्ध कवी टेनिसन तिथे शेजारी. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, त्यांचे कॉफीचे मळे होते. तिथल्या मळ्याचंच ‘डिम्बोला’ हे नाव घराला दिलं.

डिसेंबर १८६३. पती मळ्यांच्या कामासाठी सिलोनला गेलेले, मुलगे मोठे झालेले, एकुलत्या एका मुलीचं लग्न झालेलं. घर एकदम रिकामं. आईचा वेळ जावा म्हणून त्या मुलीने आणि जावयाने एक कॅमेरा भेट दिला. त्यांच्या दृष्टीने ते विरंगुळ्याचं साधन होतं.

इथे थोडं थांबून, तेव्हा फोटो काढणं म्हणजे काय होतं ते मुलांना नक्की सांगा. कॅमेरा म्हणजे मोठी लाकडी पेटी. फिल्म नव्हती, काच होती. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण सगळीकडे सारखं पसरायचं, मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि भिंगावरचं झाकण काढून मिनिटं मोजायची. समोरच्या माणसाने तोवर हलायचं नाही. मग काच वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत पळायचं आणि रसायनांनी चित्र उमटवायचं. नंतर धुण्यासाठी विहिरीचं थंड पाणी, बादल्यांवर बादल्या. सिल्व्हर नायट्रेटने हात आणि कपडे काळे पडत ते वेगळंच. बरं, यातली काही रसायनं चक्क विषारी!

बाईंनी कोळशाच्या खोलीची अंधारी खोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. शिकवायला कोणी नाही. सुरुवातीला गावातल्या एका शेतकऱ्याला पैसे देऊन समोर बसवलं. चित्र उमटलं, आणि आनंदाच्या भरात काचेच्या ओल्या बाजूवरून हात फिरला. सगळं पुसलं गेलं. पुढे दोन लहान मुलांना बसवलं, तर ऐन वेळी एकाला हसू फुटलं आणि तीही काच वाया. मग ॲनी नावाच्या मुलीला एकटीलाच बसवलं. जानेवारी १८६४ मध्ये तो फोटो जमला. बाईंना इतका आनंद झाला की त्या पोरीला द्यायला भेटवस्तू शोधत घरभर पळत सुटल्या. जणू फोटो तिनेच काढला होता! त्याच दिवशी तो छापून, चौकटीत घालून तिच्या वडिलांना दिलासुद्धा.

आता गोष्टीतला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा भाग. विरंगुळ्यासाठी मिळालेली वस्तू बाईंनी विरंगुळ्यासाठी वापरलीच नाही. त्याच वर्षी त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या, फोटोंचे हक्क कायद्याने नोंदवू लागल्या आणि एका नामांकित चित्रविक्रेत्यामार्फत फोटो विकायला ठेवले. मळ्यांचं उत्पन्न घटत होतं, घरात पैशांची गरज होती. १८६५ मध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियमने त्यांचे फोटो विकत घेतले, आणि १८६८ मध्ये तिथेच दोन खोल्या स्टुडिओसाठी दिल्या.

टीकाही खूप झाली. फोटो धूसर आहेत, काचेवर ओरखडे आणि डाग आहेत, असं जाणकार लिहीत. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. भिंग फिरवताना चेहरा त्यांना सुंदर दिसला की त्या तिथेच थांबत, आणखी स्पष्ट करायच्या भानगडीत पडत नसत. डाग मात्र अनेकदा खरोखरच हलगर्जीपणाचे होते, हे मान्य करायला हवं. तरी त्या चुकीच्या काचा टाकून देत नसत.

शास्त्रज्ञ जॉन हर्शेल हे त्यांचे जुने स्नेही. फोटोग्राफीच्या शोधाची बातमी त्यांनीच बाईंना फार पूर्वी पत्रातून कळवली होती. १८६७ मध्ये बाई सगळं सामान घेऊन त्यांच्या घरी गेल्या. म्हाताऱ्या हर्शेलना केस धुवायला लावले, म्हणजे ते पांढरे केस मोकळे उभे राहतील. काळ्या पार्श्वभूमीवरचा तो चेहरा आजही जगातल्या उत्तम व्यक्तिचित्रांत धरला जातो. डार्विन यांचा दाढीवाला गंभीर फोटो १८६८ चा, तोही बाईंचाच.

पण त्यांनी फक्त मोठी माणसं टिपली नाहीत. घरातल्या कामवाल्या मुलींनाही त्या मॉडेल म्हणून बसवत. मेरी रायन ही आयरिश मुलगी आईबरोबर रस्त्यावर भीक मागताना त्यांना भेटली होती. बाईंनी तिला घरी आणलं, शिकवलं, पुढे कामालाही ठेवलं. प्रदर्शनातला तिचा फोटो पाहून हेन्री कॉटन नावाचा तरुण तिच्या प्रेमात पडला आणि १८६७ मध्ये दोघांचं लग्न झालं. हेच सर हेन्री कॉटन १९०४ च्या मुंबईतल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष!

हे सगळं वाचून तुमच्या मनात येईल की बाईंकडे नोकरचाकर होते, मोठमोठ्या ओळखी होत्या, आपलं तसं कुठे? खरंच आहे. मलाही हे वाचताना तेच वाटलं होतं. शिवाय फोटोंतून खर्च वजा जाता हाती फारसं काही लागलं नाही. पण ४८ व्या वर्षी पुसल्या गेलेल्या काचेनंतर दुसरी काच स्वतः धुवायला घेणं, यात नोकरांचा काही उपयोग नव्हता.

१८७५ मध्ये पतीसह त्या सिलोनला गेल्या. तिथे फोटोग्राफी मंदावली. मळ्यांवरच्या कामगारांचे काही फोटो आहेत, पण त्यातल्या बहुतेकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. डार्विन, हर्शेल यांची नावं सगळीकडे आणि या माणसांची नाहीत, हे मला खटकतं. मोठ्या मुलांच्या वर्गात यावर जरूर बोला.

२६ जानेवारी १८७९ रोजी सिलोनमध्येच त्या गेल्या. हाती खऱ्या अर्थाने अकरा-बारा वर्षं मिळाली, त्यात हजाराच्या आसपास फोटो. १९२६ मध्ये त्यांच्या भाचीची मुलगी, लेखिका व्हर्जिनिया वुल्फ, हिने त्यांच्या फोटोंचं पुस्तक काढलं. फ्रेशवॉटरचं घर आता संग्रहालय आहे.

वर्गात दाखवण्यासाठी ‘ॲनी’चा फोटो मोबाईलवर सहज सापडतो. आधी तो मुलांना नुसता बघू द्या. मग डोळ्यांवर घड्याळ धरा आणि त्यांना तीन मिनिटं अजिबात न हलता बसायला सांगा. आमच्या तिसरीच्या वर्गात चाळीस सेकंदांत पहिला हसला.