दादासाहेब फाळकेंनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप का शूट केलं?

दादासाहेब फाळके म्हटलं की 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. पण त्या सिनेमासाठी पैसे उभे राहिले ते एका वाटाण्याच्या रोपामुळे. आज आपण फोटोला फोटो जोडून गिम्पसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हलतं चित्र बनवतो. फाळकेंनी तेच १९१२ मध्ये हाताने केलं होतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथे ते शिकले. मग फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नोकरी, छापखाना. भागीदारांशी बिनसलं आणि छापखानाही सुटला.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपले देवही पडद्यावर आणायचं ठरवलं. वय चाळिशीपार, पदरी मुलंबाळं आणि हाताला काम नाही. सतत सिनेमे बघून आणि जागरणं करून काही काळ डोळ्यांनी दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली, तेव्हा विमा पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले आणि तंत्र शिकून आले.

विल्यमसन कॅमेरा विकत घेतला, पण सिनेमा काढायला पैसे कोण देणार? नुसत्या बोलण्यावर कुणी देत नाही. मग फाळकेंनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मात्र कोंब फुटून त्याचा वेल बघता बघता झाला. फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'.

रोज एकच फ्रेम घेतली, असं सर्रास लिहिलं जातं. पण हिशोब करून बघा. मूकपट सेकंदाला साधारण १६ फ्रेमने चालायचा, म्हणजे ३० फ्रेम दोन सेकंदांतच संपतील. वाढ सलग दिसायला फ्रेम कितीतरी जास्त लागतात आणि त्या सारख्या अंतराने घ्याव्या लागतात.

चामोर्शीकडे कुणी धानाच्या पऱ्ह्यांवर हा प्रयोग केला तरी नियम हेच. मोबाईल हलता कामा नये, उजेड सारखा हवा. गिम्पमध्ये प्रत्येक फोटो एक लेयर, म्हणजेच एक फ्रेम. जीआयएफ एक्सपोर्ट करताना दोन फ्रेममधलं अंतर १०० मिलिसेकंद ठेवलं तर सेकंदाला १० फ्रेम पडतात आणि चित्र किंचित अडखळतं. ६० ठेवलं की फाळकेंच्या जमान्यातला वेग मिळतो. फोटो कमी असतील तर मात्र हा आकडा बदलून काही होत नाही.

फाळकेंनी ही फिल्म पैसेवाल्यांना दाखवली आणि यशवंतराव नाडकर्णींसारखे लोक कर्ज द्यायला तयार झाले. तारण म्हणून पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. नंतर सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्यांनीच केला, आणि फिल्मला भोकं पाडायचं कामही. (नाव मात्र एकट्या दादासाहेबांचं झालं.) ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

फ्रेम-फ्रेमचा नाद त्यानंतरही सुटला नाही. १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी चक्क काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. काडी जराशी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. आगकाड्यांच्या त्या फिल्मची प्रत आज उपलब्ध नाही.