डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांचा फावला वेळ

पेरणी आटोपली, कोळपणीस अवकाश आहे, बाहेर पावसाची झड लागली आहे. अशा दिवसांत वेळ जाता जात नाही ही तक्रार आमच्या कानी वारंवार येते. दूरच्या खेड्यात एकटे राहणारे उपदेशक बंधूही हेच सांगतात. दिवसभर गाव शेतावर असतो, आणि संध्याकाळच्या उपासनेपर्यंत त्यांस खोलीत बसून कंटाळा येतो. म्हणून ज्यास लहानपणी फावला वेळ असा जवळजवळ मिळालाच नाही, त्या एका मनुष्याची हकीकत आज आम्ही सांगतो.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडात, ग्लासगो शहरापासून आठ मैलांवरील ब्लँटायर गावी झाला. बाप गावोगाव चहा विकीत फिरे. आईबाप व पाच मुले असे सातजण गिरणीच्या चाळीतील एका खोलीत राहत. मुंबईस गिरणीत कामाला गेलेल्या नातलगांकडे ज्यांनी चार दिवस काढले आहेत त्यांस त्या खोलीचे वर्णन करून सांगणे नको. दहाव्या वर्षी डेव्हिड सूतगिरणीत लागला. साच्यावर तुटलेले धागे सांधण्याचे हे काम सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत चाले. पहिल्या आठवड्याचे वेतन हाती आले तेव्हा त्यातील काही भाग देऊन त्याने लॅटिन भाषेचे व्याकरण विकत घेतले. रात्री आठ ते दहा गिरणीच्या शाळेत जाणे, आणि तेथून आल्यावर मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे आई उठून पुस्तक हातातून काढून घेई तोपर्यंत, वाचीत बसणे, असा त्याचा क्रम होता.

तथापि आम्हांस विशेष वाटते ते रात्रीच्या ह्या अभ्यासाचे नव्हे. पुस्तक साच्यावर उघडे ठेवून तो कामावर फिरे, आणि येताजाता एकेक वाक्य डोळ्यांखाली घाली. एक वाक्य वाचावे, धागे सांधीत पुढे जावे, परत येताना दुसरे वाचावे. मधल्या वेळात पहिले मनात घोळे. सारा साचा घडघडत असता त्याचे चित्त ढळत नसे. पुढे आफ्रिकेत भोवती नाच व गाणी चालली असताही आपणांस लिहिता येते ह्याचे श्रेय ते गिरणीच्या त्या गोंगाटालाच देत. शांत खोली मिळाली म्हणजे शिकू असे म्हणत तो बसता, तर ब्लँटायरात ती त्यास कधीच मिळाली नसती.

घरी विरोध नव्हता असे नाही. बाप भाविक होता. शास्त्रीय विषयांची पुस्तके धर्मास बाधक होतील असे त्यास भय वाटे. त्याने दिलेला एक धर्मग्रंथ वाचण्याचे मुलाने नाकारले, तेव्हा काठीचा प्रसादही मिळाला. सृष्टीचे ज्ञान व देवावरील विश्वास ह्यांत वैर नाही, असे दाखविणारा टॉमस डिक ह्यांचा ग्रंथ पुढे हाती आला, तेव्हा त्याच्या मनाची घालमेल शमली. सुट्टीच्या दिवशी तो भावांसह रानात हिंडून वनस्पती व चुनखडीतील जुने शिंपले गोळा करी.

१८३६ च्या हिवाळ्यात डेव्हिड ग्लासगो येथे वैद्यकी शिकू लागला. कॉलेज बंद झाले म्हणजे गिरणीत परत यावे, वेतन साठवावे, आणि त्यावर पुढचे सत्र काढावे. १८४० साली वैद्यकीची परीक्षा उतरून, लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने ते त्याच वर्षाच्या डिसेंबरात जहाजावर चढले. जहाजावरचा प्रवास म्हणजे कंटाळ्याचे माहेरघर. पण लिव्हिंग्स्टन साहेब कप्तानाजवळ मध्यरात्रीपर्यंत बसून ताऱ्यांवरून स्थळ कसे ठरवावे हे शिकले. जेथे कोणी नकाशा केला नव्हता तेथे पुढे हीच विद्या कामास आली. आफ्रिकेत पोहोचल्यावर तेथील लोकांची भाषा यावी म्हणून युरोपियनांची संगत सोडून ते सहा महिने त्या लोकांतच जाऊन राहिले.

त्यांचे प्रवास जगजाहीर आहेत. ते येथे सांगत नाही. मात्र एक उणे सांगितलेच पाहिजे. दिवसभर शरीर व मन इतके शिणे की रात्री मुलांशी खेळण्यास त्यांच्यात त्राण उरत नसे. मुले दूर असता मोठी झाली, आणि आता खेळण्यास कोणी उरले नाही, ही खंत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. प्रत्येक घटका कामास लावणाऱ्या मनुष्याने ही एक घटका राखून ठेवली असती तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटते.

१८६५ साली ते मुंबईस होते. नाशिकजवळ शरणपूर येथे गुलामीतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांची मिशनची वस्ती व शाळा होती. तेथील नऊ तरुण त्यांनी बरोबर घेतले, आणि १८६६ च्या जानेवारीत मुंबईहून शेवटच्या प्रवासास निघाले. काहींनी मध्येच साथ सोडली. १८७० साली, हल्लीच्या काँगो देशातील बांबारे गावी, जवळ तिघेच उरले: सुसी, चुमा व शरणपूरचा गार्डनर.

तेथे पायास क्षते पडून साहेबांस सुमारे ऐंशी दिवस झोपडीबाहेर पडता आले नाही. पत्र नाही, औषध नाही, बोलण्यास समानशील मनुष्य नाही. त्या मुलुखात असता त्यांनी संपूर्ण बायबल चार वेळा वाचले. लोकांच्या चालीरीती व रानातील वानरे ह्यांविषयी जे पाहिले व ऐकले ते टिपले. कागद सरले तेव्हा जुन्या वर्तमानपत्रांच्या छापील ओळींवर आडवे लिहिले, आणि शाई सरली तेव्हा झाडाच्या बियांचा रंग काढला.

१ मे १८७३ रोजी, हल्लीच्या झांबिया देशातील चितांबो ह्यांच्या गावी, ते मृत झालेले आढळले. त्यांचे हृदय झाडाखाली पुरले तेव्हा प्रेतसंस्काराची उपासना जेकब वेनराइट ह्याने वाचली. हा शरणपूरच्या शाळेत शिकलेला तरुण १८७२ साली त्यांस येऊन मिळाला होता. झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली ती त्यानेच. साहेबांच्या सामानाची यादीही त्यानेच, त्यांच्याच टिपणवहीत लिहिली. मग ते सेवक देह उचलून नऊ महिने समुद्राकडे चालले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरात दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीसमवेत चालणाऱ्या आठ जणांत जेकब वेनराइट होता.