'सर्व्हर बिझी'चं गणित 1917 मध्येच सोडवणारा माणूस : आग्नर एरलांग

निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडत नाही. तत्काळ तिकीट काढताना स्क्रीनवरचं चक्र नुसतं फिरत राहतं. आपण नेटला नावं ठेवतो, पण बऱ्याचदा गाडी अडलेली असते मागच्या डेटाबेसवर. कारण कोणताही डेटाबेस एका वेळी ठरावीकच कनेक्शन घेतो. सेटिंग बदललं नाही तर पोस्टग्रेएसक्यूएल 100 आणि मायएसक्यूएल 151.

मग ही मर्यादा किती ठेवायची? जास्तीच्या लोकांना परत पाठवायचं की रांगेत उभं करायचं? याचं गणित एका डॅनिश माणसाने मांडून ठेवलंय, तेही कॉम्प्युटर जन्माला यायच्या आधी. त्याचं नाव आग्नर क्रारूप एरलांग.

शाळामास्तरांचा मुलगा

एरलांगचा जन्म 1 जानेवारी 1878 चा. डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या एका खेड्यात त्याचे वडील शाळामास्तर होते. पोरगं लहानपणापासून पुस्तकात बुडालेलं. भाऊ पुस्तक वाचत बसला की हा समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचायचा, असं सांगतात. 14 व्या वर्षी त्याने कोपनहेगनला जाऊन विद्यापीठाची पूर्वपरीक्षा दिली. वय कमी असल्याने खास परवानगी घ्यावी लागली, पण पठ्ठ्या उत्तम गुणांनी पास झाला. मग दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकवलं.

1896 मध्ये तो शिष्यवृत्तीवर कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाला आणि 1901 मध्ये गणितात पदवी घेऊन बाहेर पडला. पुढची काही वर्षं पुन्हा शाळेत मास्तरकी केली.

गणितज्ञांच्या संघटनेच्या बैठकांना मात्र तो नियमित जायचा. तिथे त्याची ओळख झाली योहान येन्सन यांच्याशी. येन्सन मोठे गणितज्ञ आणि कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर. या ओळखीतून 1908 मध्ये एरलांग टेलिफोन कंपनीत रुजू झाला.

कंपनीची अडचण काय होती?

त्या काळी फोन लावला की एक्स्चेंजमधली ऑपरेटर हाताने तार जोडून द्यायची. लाइन्स कमी ठेवल्या तर ग्राहकांचे फोन लागत नाहीत. जास्त टाकल्या तर दिवसभर रिकाम्या पडून राहतात आणि पैसा वाया जातो. मधला आकडा कोणता, हे बऱ्याच अंशी अंदाजानेच ठरायचं.

एरलांगने 1909 मध्ये पहिला महत्त्वाचा लेख लिहिला. कोण कधी फोन करेल हे सांगता येत नाही, पण हजारो लोकांचे फोन एकत्र पाहिले की त्यांना एक ठरावीक गणिती शिस्त असते, हे त्याने दाखवलं. 1917 मध्ये त्याची दोन प्रसिद्ध सूत्रं आली. पहिलं सूत्र सांगतं, लाइन रिकामी नसेल तर किती फोन परत जातील. दुसरं सांगतं, परत न पाठवता थांबवून ठेवलं तर किती जणांना थांबावं लागेल.

सोप्या भाषेत समजून घेऊ

समजा तासाला 20 फोन येतात आणि प्रत्येक जण सरासरी 3 मिनिटं बोलतो. म्हणजे एकूण 60 मिनिटांचं बोलणं. तासाला एक लाइन पुरेल असं वाटतं ना? एरलांगचं सूत्र सांगतं, 2 लाइन्स ठेवल्या तरी 20 टक्के फोन परत जातील. 3 ठेवल्या तर सुमारे 6 टक्के आणि 4 ठेवल्या तर दीड टक्का. कारण फोन एकामागोमाग रांगेत येत नाहीत, कधी तीन एकदम येतात तर कधी एकही नाही.

आता अशी 10 छोटी एक्स्चेंज असतील तर प्रत्येकी 4 प्रमाणे 40 लाइन्स लागतील. पण सगळ्यांचे फोन एकाच ठिकाणी आणले तर 17 लाइन्समध्ये काम होतं, आणि तरीही परत जाणारे फोन दीड टक्क्याच्या आतच राहतात!

आजच्या डेटाबेस क्लस्टरमध्ये, म्हणजे अनेक मशिन्स मिळून एक डेटाबेस चालवतात तिथे, हाच हिशेब कामी येतो. प्रत्येक युजरला वेगळं कनेक्शन दिलं तर मशिनची मेमरी संपते. म्हणून मध्ये 'कनेक्शन पूल' ठेवतात. थोडी कनेक्शन्स कायम उघडी असतात आणि हजारो युजर्स ती आळीपाळीने वापरतात. मर्यादा संपली की नवीन माणसाला एरर द्यायची की रांगेत ठेवायचं, हा प्रश्न एरलांगच्या दोन सूत्रांमधलाच आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. हे गणित लोक आपापल्या वेळेला फोन करतात असं गृहीत धरतं. निकालाच्या वेळी सगळे एकाच मिनिटाला तुटून पडतात, तेव्हा नेहमीच्या सरासरीवर ठरवलेली मर्यादा अपुरी पडते.

हातात शिडी घेतलेला सोबती

एरलांग फक्त कागदावर आकडेमोड करणारा नव्हता. जमिनीखालच्या केबल्समध्ये विजेची गळती किती होते, याची मोजमापं तो स्वतः करायचा. मागे शिडी घेतलेला कामगार आणि पुढे मॅनहोलमध्ये उतरणारा हा गणितज्ञ, हे दृश्य कोपनहेगनच्या रस्त्यांवर ओळखीचं झालं होतं.

त्याने लग्न केलं नाही. कमाईतला बराच पैसा पुस्तकांवर आणि गरजूंना मदत करण्यात जायचा. सुमारे 20 वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजा जवळजवळ माहीतच नव्हती. जानेवारी 1929 मध्ये पोटाच्या ऑपरेशनसाठी तो दवाखान्यात दाखल झाला आणि 3 फेब्रुवारीला गेला. वय होतं 51.

तोवर ब्रिटनच्या पोस्ट खात्याने त्याचं सूत्र स्वीकारलं होतं. 1946 मध्ये टेलिफोन वाहतूक मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय एककाला 'एरलांग' हे नाव मिळालं. 1980 च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत एक प्रोग्रॅमिंग भाषा तयार झाली, तिलाही हेच नाव दिलं. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर याच भाषेवर उभे राहिले आणि एकेका सर्व्हरवर लाखो कनेक्शन्स सांभाळू लागले.

त्यामुळे हा लेख तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवलात, तर तो मेसेज एरलांगचंच नाव असलेल्या भाषेतून पुढे जाईल.